विद्यापीठाच्या आवारात मुलांचा सुट्टीचा वर्ग कसा चालवावा

मे महिना आला की विद्यापीठाच्या आवारात राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या घरांपुढे तोच पेच उभा राहतो. मुलांच्या शाळा बंद आणि मोठ्यांचं काम नेमकं तेव्हाच सर्वांत जास्त. प्राध्यापक पेपर तपासणीला, परीक्षा विभागातली मंडळी निकालाच्या धावपळीत. कँटीन, सुरक्षा आणि सफाईला तर सुट्टी माहीतच नाही. बाहेरची उन्हाळी शिबिरं दोन-अडीच तासांची असतात; दहाला सोडलेलं मूल साडेबाराला कोण आणणार?

म्हणून मुंबई विद्यापीठाच्या कालिन्यातल्या विद्यानगरीत, पवईत, देवनारला, जिथे कुठे अशी वसाहत असेल तिथे सुट्टीचा वर्ग काढताना एक गोष्ट आधी ठरवून घ्या. हा वर्ग मुलं सांभाळण्यासाठी आहे. चित्रकला, ओरिगामी वगैरे त्यानंतर. वेळ पालकांच्या ड्यूटीप्रमाणे ठेवा, आणि दार आवारात राबणाऱ्या प्रत्येकाच्या मुलांना उघडं ठेवा.

आधी घरोघरी जा

नोटीस बोर्डावर कागद लावला की पहिल्यांदा क्वार्टर्समधल्या, वाचायची सवय असलेल्या घरांतली नावं येतात. कंत्राटी सफाई कामगार, माळी, कँटीनमधल्या मावश्या यांना वाटतं की हे आपल्यासाठी नाही. तेव्हा मार्च महिन्यातच संध्याकाळी वही घेऊन निघा. गेटवरच्या चौकीत बसा, कँटीनच्या मागच्या दारी उभे राहा आणि विचारा: मूल कितवीत आहे, सुट्टीत दिवसभर कुठे असतं, घरी कोण असतं.

या फेरीत कळणाऱ्या गोष्टी ऑफिसात बसून सुचत नाहीत. रात्रपाळी करून आलेला सुरक्षारक्षक सकाळी झोपतो. घर एका खोलीचं, त्यामुळे दुपारपर्यंत मुलांनी आवाज करायचा नाही. पंखा फिरतोय, पडदा ओढलेला, दोन भावंडं पलंगाखाली पत्ते घेऊन कुजबुजत खेळतायत. कार्यशाळेत काय शिकवणार, हा प्रश्न या घरी कोणी विचारणार नाही. सकाळी आठला मुलांना घ्याल का, एवढंच विचारतील.

वयाची मर्यादा स्पष्ट ठेवा. पहिली ते सातवीची मुलं विद्यार्थी-स्वयंसेवक सांभाळू शकतात. आठवी-नववीच्या मुलांना मदतनीस म्हणून घ्या, त्यांना ते आवडतं. तान्ही आणि बालवाडीच्या वयाची मुलं मात्र हौशी हातांत देऊ नयेत. त्यांना रोज तीच, शिकलेली, सवयीची मावशी लागते आणि ते काम पाळणाघराचं. आधी मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनुसार आणि आता त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असायला हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं. तुमच्याकडे ती नसेल तर सुट्टीच्या वर्गावर भागवू नका, तिची मागणी वेगळ्या अर्जाने करा.

जागा आणि परवानगी

सुट्टीत रिकामा पडलेला तळमजल्यावरचा एक मोठा वर्ग पुरे. पंखे चालू, पाणी जवळ, आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर. परीक्षा चालू असलेल्या इमारतीत जागा मागू नका. मुलांच्या गलक्याने तिथे त्रास होईल आणि परवानगी पुन्हा मिळणार नाही. अर्ज विभागप्रमुखांमार्फत कुलसचिवांकडे जाऊ द्या. त्यात मुलांची संख्या, वेळ आणि जबाबदार दोन प्राध्यापकांची नावं लिहा, आणि पोच घ्या.

ताई-दादा कुठून येणार

सगळ्यात अवघड काम हेच, आणि याच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवावा लागतो. विद्यार्थी भरपूर असतात, पण एप्रिल-मेमध्ये त्यांच्याही परीक्षा असतात आणि शेवटचा पेपर टाकला की हॉस्टेलचे विद्यार्थी रत्नागिरी, सातारा, नांदेडच्या गाड्या पकडतात. फेब्रुवारीत उत्साहाने नाव दिलेले अर्धेअधिक मेच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत नसतात. त्यांना दोष देण्यासारखं त्यात काही नाही. त्यांचंही घर आहे.

म्हणून प्रत्येकाकडून तीन गोष्टी लेखी घ्या: शेवटचा पेपर कधी, गावी कधी जाणार, आणि कुठले वार नक्की येणार. मग भिंतीवर मोठा तक्ता लावा. मुंबईतच राहणारे विद्यार्थी आणि पीएच.डी. करणारे संशोधक हा तुमचा खरा आधार, कारण संशोधकांना उन्हाळ्याची सुट्टी अशी नसतेच. निवृत्त शिक्षिका, ग्रंथालयातून निवृत्त झालेले काका यांनाही विचारा. एका ताईदादामागे आठ मुलं, यापलीकडे जाऊ नका. हात कमी असतील तर मुलं कमी घ्या आणि ज्यांच्या घरी दिवसा कोणीच नाही त्यांना आधी घ्या.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. तुमच्या वर्गाचे तास त्यात धरले जातील का, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच विचारा आणि होकार लेखी घ्या. तास मिळतात म्हणून आलेले विद्यार्थीही पहिल्या आठवड्यात रमतात. पण नंतर कळलं की तास धरले जाणार नाहीत, तर त्यांचा विश्वास उडतो. आणि स्वयंसेवकांना मुलांइतकाच नाश्ता-पाणी द्या, बस-ट्रेनचं भाडं द्या. फुकट राबणाऱ्या विद्यार्थ्याच्या खिशातून पैसे जाता कामा नयेत.

मुलं घेताना आणि परत देताना

दाराशी एक जाड वही ठेवा. मुलाचं नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, आणि एक रकाना: आज कोण नेणार. साडेपाचला गर्दी होते, सगळ्यांना घाई असते, आणि चूक तेव्हाच होते. एखादे काका ओळखीचे हसून म्हणतात, 'मी नेतो, शेजारीच राहतो.' वहीत त्यांचं नाव नसेल तर आईला फोन लावायचा, तिने हो म्हटल्यावरच मूल सोडायचं. काका रागावले तरी चालतील. लिहिता न येणाऱ्या आजीचा अंगठा घ्या, पण घ्याच.

कोणीही मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत नसेल, हा नियम प्राध्यापकांपासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापर्यंत सर्वांना. स्वयंसेवकांची एक बैठक फक्त याच विषयावर घ्या. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'घरातलं आहे, आपण कशाला पडायचं' असं म्हणता येत नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ चोवीस तास चालू असते. तो आकडा भिंतीवर मुलांच्या उंचीला लावा. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

नावनोंदणीच्या फॉर्ममध्ये दमा, फिट, अॅलर्जी, चालू औषधं हे जरूर विचारा.

दिवस कसा जाईल

मुंबईच्या उन्हाळ्यात पारा नागपूरसारखा चढत नाही, पण हवेतल्या दमटपणाने घाम वाळत नाही आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. हवामान खातं किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करतं. म्हणून मैदान सकाळी आठ ते साडेनऊ आणि मग थेट साडेचारनंतर. लगोरी, लंगडी, डबा ऐसपैस, विषामृत. सामान जवळजवळ लागतच नाही, आणि वेगवेगळ्या शाळांची मुलं एका दिवसात एकमेकांची होतात.

दहानंतर आत. विद्यापीठात असण्याचा फायदा इथे घ्या. कालिन्यात लोककला अकादमी आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना डफ घेऊन तासभर बोलवा. रसायनशास्त्राच्या ताईंना कोबी आणि लिंबाच्या रसाचे रंग दाखवायला सांगा. जांभळ्या कोबीच्या पाण्यात लिंबू पिळलं की ते गुलाबी होतं, खाण्याचा सोडा टाकला की निळं-हिरवं. मुलांनी स्वतः पिळायचं. नुसतं बघायला लावलं तर पाच मिनिटांत कंटाळतील. आवारातल्या झाडांची वही करा. मेमध्ये बहावा पिवळ्या झुंबरांनी भरलेला असतो आणि खाली गेल्या वर्षीच्या हातभर लांब काळपट शेंगा पडलेल्या असतात. वाळकी शेंग कानाशी हलवली की आत बिया खुळखुळतात. ती फोडून आतले कप्पे मोजायला बसलं की अर्धा तास कुठे गेला कळत नाही. फक्त आतला चिकट गर तोंडात जाऊ देऊ नका, त्याने जुलाब होतात.

जेवणानंतर दीड तास शांतता. सतरंज्या अंथरा, पुस्तकं मध्ये ठेवा, झोपेल त्याला झोपू द्या. हा वेळ कार्यक्रमाने भरण्याचा मोह होतो, तो आवरा.

खाऊ सर्वांना एकच: केळं, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेले हरभरे. घरून खाऊ आणायला सांगितला की कोणाच्या डब्यात काय, हे मुलं लगेच टिपतात. दर तासाला घंटा वाजवून सर्वांनी पाणी प्यायचं. कैरीचं पन्हं, कोकम सरबत अधूनमधून. एखाद्याला उन्हाचा त्रास झाला तर सावलीत नेऊन ओल्या फडक्याने अंग पुसा, आणि शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्या: एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. मूल बरळायला लागलं, गुंगीत गेलं तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा. कालिन्याहून सांताक्रूझ पूर्वेचं महापालिकेचं देसाई रुग्णालय जवळ पडतं.

पैशांचं म्हणाल तर दारात बंद डबा ठेवा, ज्याला जमेल ते त्याने टाकावं. फीची पावती नको, यादीही नको.

बाहेर नेताना

आठवड्याला एकच सहल. धारावी-माहीमच्या सीमेवरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान कालिन्याहून जवळ आहे; कचऱ्याच्या जुन्या डेपोवर उभं राहिलेलं हे जंगल मुलांना दाखवायलाच हवं. राणीची बाग बुधवारी बंद असते, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी. निघायची वेळ सकाळच्या लोकलच्या गर्दीआधी ठेवा, आणि कुठल्याही परिस्थितीत अकरापर्यंत सावलीत पोचा. मुलाच्या मनगटावर बॉलपेनने ताईचा मोबाइल नंबर लिहा. छातीवर नावाची पट्टी लावू नका, अनोळखी माणूस नावाने हाक मारू शकतो. बसमध्ये चढताना, उतरताना, गेटमधून आत जाताना आणि बाहेर येताना मोजणी करा, प्रत्येक वेळी त्याच माणसाने.

जून लागल्यावर

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो आणि शाळा महिन्याच्या मध्याला उघडतात, म्हणून शेवटचा आठवडा पूर्ण आत बसून करायच्या गोष्टींचा आखा. कार्यक्रम झालाच तर छोटा, पालकांच्या जेवणाच्या सुट्टीत. संध्याकाळी ठेवला तर दुपारपाळीची आई येऊ शकत नाही. स्वयंसेवकांचे तास सही-शिक्क्यानिशी त्याच दिवशी हातात द्या, कॉलेज उघडल्यावर सही करणारे सर सापडत नाहीत. डब्यातल्या पैशांचा जमाखर्च बोर्डावर लावा. खोली झाडून किल्ली परत करा आणि पालकांचे नंबर असलेली वही कपाटात कुलपात ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत लागेल.