एमपीएलएस शिकताय? लूपबॅकचा मास्क बघा

फ्रेम रिलेवर (शाखा जोडायचं जुनं तंत्र) बँकेच्या 12 शाखा एकमेकींशी थेट जोडायच्या तर 66 पीव्हीसी, म्हणजे दोन शाखांमधल्या कायम जोडण्या, लागत. तेरावी शाखा उघडली की आणखी 12. एवढा खर्च कोण करणार? मग सगळं मुख्य शाखेवरून फिरवायचं, म्हणजे पुसदहून शेजारच्या उमरखेडला जाणारा डेटाही यवतमाळला हेलपाटा घालून येणार. एमपीएलएस म्हणजे पॅकेटवर लेबल चिकटवून ते पुढे पाठवायची पद्धत. तिच्या लेयर-3 व्हीपीएनमध्ये प्रत्येक शाखेची एकच लिंक सेवा देणाऱ्या कंपनीच्या पीई, म्हणजे कडेच्या, राउटरला जाते, वाट पुढचं नेटवर्क काढतं. डीएलसीआय, म्हणजे फ्रेम रिलेतला जोडणीचा आकडा, कळला असेल तर अर्धा गड सर झाला. तो आकडा जसा त्या लिंकपुरताच, तसं लेबलही वाटेतल्या दर राउटरवर बदलतं.

लॅबला पाच राउटर पुरतात: सीई, पीई, पी, पीई, सीई. सीई शाखेतला, पी कंपनीच्या नेटवर्कच्या मधला. जीएनएस3 वर (संगणकातच राउटर चालवणारं सॉफ्टवेअर) सिस्को 7200 राउटरची इमेज, प्रत्येकाला 512 एमबी, म्हणजे अडीच जीबी. आठ जीबीचा जुना लॅपटॉप चालतो, नव्यासाठी घरी भांडू नका. आयडल-पीसी (राउटर रिकामा असताना प्रोसेसरला विसावा देणारी सेटिंग) मात्र आधी लावा. नाही तर प्रोसेसर 100 टक्क्यांवर जातो आणि भारनियमनात बॅटरी बघता बघता बसते. क्रम असा: ओएसपीएफ (राउटरना एकमेकांच्या वाटा कळवणारा), लूपबॅक (राउटरमधला आभासी पोर्ट) ते लूपबॅक पिंग, मग एलडीपी (लेबलं वाटणारा), दोन पीईंमध्ये व्हीपीएनव्ही4 बीजीपी (ग्राहकांचे रूट पोचवणारा), शेवटी व्हीआरएफ (पीईवरचं प्रत्येक ग्राहकाचं वेगळं रूट टेबल).

आता शीर्षकातल्या मास्कचा खड्डा. पीईच्या लूपबॅकला 10.10.2.2 देताना सवयीने /24 मास्क पडतो. ओएसपीएफ लूपबॅकचा मास्क बघतच नाही, तो पत्ता /32, म्हणजे एकटा पत्ता, म्हणून जाहीर करतं. एलडीपी मात्र राउटरच्या स्वतःच्या टेबलमधल्या 10.10.2.0/24 ला लेबल देतं. शेजारच्या पी राउटरकडे रूट /32 चा, लेबल /24 चं. दोघांचं जुळत नाही, आणि एरर कुठेच येत नाही! लूपबॅकचा पिंग जातो, कारण तो साधा आयपी आहे. एलडीपीचे शेजारी दिसतात, बीजीपी उभं असतं, व्हीआरएफमध्ये समोरच्या शाखेचे रूटही येतात. फक्त शाखेतून शाखेत पिंग जात नाही. माणूस रात्रभर व्हीआरएफ खोदत बसतो, दुखणं भलतीकडेच.

शाखेच्या पॅकेटवर दोन लेबलं असतात. एसटीच्या पार्सलवर दोन चिठ्ठ्या आहेत असं धरा. वरची कोणत्या डेपोला (समोरचा पीई), आतली कोणत्या दुकानाला (ग्राहकाची शाखा). शेवटच्या पीईच्या आधीचा राउटर फक्त वरची फाडतो, हे बरोबरच आहे. पण त्याच्याकडे /32 चं लेबल नसेल तर आतलीही तिथेच हरवते, आणि पी राउटरला दुकानं ठाऊकच नसतात.

तपासायला पी राउटरवर ‘शो एमपीएलएस फॉरवर्डिंग-टेबल’ मारा. समोरच्या पीईच्या लूपबॅकपुढे ‘पॉप लेबल’ हवं. ‘नो लेबल’ दिसलं की मास्क /32 करा. तो बदलता येत नसेल तर लूपबॅकवर ओएसपीएफचा नेटवर्क प्रकार पॉइंट-टू-पॉइंट ठेवा, मग रूटही /24 नेच जाईल.

क्लासवाले सर तयार कॉन्फिग देतात, त्यात हा मास्क आधीच बरोबर असतो, म्हणून तिथे हे शिकायलाच मिळत नाही. डंप (परीक्षेचे फुटलेले प्रश्न) पाठ करणाऱ्यांबद्दल तर न बोललेलं बरं. मुद्दाम /24 टाकून एकदा नेटवर्क मोडा.

आरडी (रूट डिस्टिंग्विशर) आणि आरटी (रूट टार्गेट) यांत गोंधळ सगळ्यांचाच होतो, आठवडाभरात निवळतो. आरडी दोन ग्राहकांचे सारखे पत्ते वेगळे ठेवतो, आरटी कोणता रूट कोणत्या व्हीआरएफमध्ये शिरणार ते ठरवतो. आणि ग्राहकाला ‘एमपीएलएस म्हणजे एन्क्रिप्टेड’ असं सांगू नका. डेटा वेगळा राहतो, पण उघडाच असतो. एन्क्रिप्शन हवं तर वरून आयपीसेक लावावं लागतं.

छोटा पिंग जातो पण बँकेचं पान अर्ध्यावर लटकतं, तेव्हा एमटीयू, म्हणजे लिंकवर मावणारं सर्वांत मोठं पॅकेट, बघा. एक लेबल 4 बाइटचं, दोनांचे 8, म्हणून कोअरमध्ये किमान 1508 लागतात, मधल्या स्विचवरसुद्धा. शाखेच्या विंडोज संगणकावरून तुकडे न करण्याचा पर्याय लावून 1472 बाइटचा पिंग मारा. हेडरचे 28 धरून ते 1500 होतात.