कुत्र्याचं पिल्लू घरी आणताय? आठ आठवडे थांबा

डोळे उघडले, दुडूदुडू धावायला लागलं, की पिल्लू न्यायची घाई होते. पाच आठवड्यांचं पिल्लू दिसतं गोड, पण ते आईपासून तोडू नका. निदान आठ आठवडे पूर्ण होऊ द्या. आपल्याकडे 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार त्याआधी पिल्लू विकताही येत नाही.

दूध सुटलं म्हणजे झालं, असं नसतं. खेळताना एखादं पिल्लू भावाचा कान जरा जोरात धरतं, तो कळवळून ओरडतो आणि खेळच थांबतो. दात किती जोराने लावायचे, हे ते असंच शिकतं. लवकर आणलेली पिल्लं पुढे हातापायांना कडकडून चावतात, ती बहुतेक यामुळेच.

न्यायच्या दिवशी ते मऊ भात किंवा भिजवलेलं खाणं आपण होऊन खातंय ना, ते पाहा. जंताचं औषध आणि पहिली लस कधी दिली, ते लिहून घ्या. आणि एक जुनं फडकं दोन दिवस आधीच आईच्या अंथरुणात ठेवा, मग तेच सोबत आणा. पहिल्या रात्री त्या वासाला बिलगून पिल्लू शांत झोपतं.