लिलावातून मुद्राचित्र घेण्याआधी: कोल्हापुरातून करायची तयारी

मुद्राचित्र म्हणजे कलाकारानं दगड, धातूची पाटी, लाकूड किंवा जाळीवर केलेलं आणि त्यावरून कागदावर छापलेलं चित्र. ते घ्यायचं तर लिलावाचा कॅटलॉग उघडण्याआधी घरातली एक भिंत बघून ठेवा. बहुतेकजण आधी चित्र घेतात आणि मग जागा शोधतात. कागदाच्या बाबतीत ते चालत नाही, कारण आपल्याकडचा पाऊस कागदाला सोडत नाही. जून ते सप्टेंबर ज्या कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो, त्याच घरात तुमचा लिथोग्राफही, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्रही, राहणार आहे. झड बसणारी पश्चिमेची बाहेरची भिंत नको, बाथरूमला पाठ लावून असलेली तर नकोच. थेट ऊन येणारी नको, कारण रंग उडाला की तो परत येत नाही. देवघराच्या शेजारची जागा चित्राला शोभते हे खरं, पण समई, धूप आणि कापराची काजळी फ्रेमच्या फटीतून आत शिरते. तळमजल्यावर राहत असाल आणि घर व्हीनस कॉर्नरच्या बाजूला किंवा शाहूपुरी कुंभार गल्लीत असेल, तर २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर चढलं होतं हे कुणी सांगायला नको. चित्र त्या खुणेच्या बरंच वर टांगायचं, आणि इशारा आला की ते काढून वरच्या मजल्यावर कोण नेणार हेही घरात आधीच ठरवायचं.

भिंतीनंतर फ्रेमवाला. यालाही खरेदीच्या आधीच गाठा. आपल्या गावात फ्रेमचे कारागीर हुशार आहेत, पण त्यांचा हात फोटो आणि कॅलेंडरवर बसलेला. हातात कागद दिला की पहिला प्रश्न येतो, ‘लॅमिनेशन करू का?’ नको म्हणायचं. मागे प्लायवूड नको, सेलोटेप नको, फेव्हिकॉल नको, आणि फ्रेममध्ये बसत नाही म्हणून समास कापणं तर अजिबात नको. त्यांना विचारा की अ‍ॅसिड-फ्री माउंट बोर्ड (कागदाला न खाणारा, आम्ल नसलेला पुठ्ठा) मिळेल का, नाहीतर पुण्या-मुंबईहून मागवून ठेवा. चित्र माउंटला वरच्या दोन टोकांना जपानी कागदाच्या पातळ पट्ट्यांनी आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनं टांगलेलं असावं. म्हणजे उद्या पाणी लावून ते सुटं करता येतं. काच कागदाला टेकता कामा नये. भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळावी म्हणून मागच्या चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून घ्यायचे. एवढं ऐकून घेणारा कारागीर भेटला की त्याला सोडू नका.

आता डोळा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनार वापरतात तसलं. गुजरीत कुणीही सांगेल कुठे मिळतं. घरी आल्यावर पहिलं भिंग धरायचं साखर कारखान्याच्या फुकट मिळालेल्या कॅलेंडरवर. लक्ष्मीच्या गालाचा गुलाबी रंग फुटून निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके दिसतील, ओळीत आखल्यासारखे, मध्ये मध्ये फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल झालेले. ही ऑफसेटची छपाई. ते ठिपके डोळ्यांत बसेपर्यंत बघा. नंतर ओळखीच्या कुणा जुन्या वाड्यात रवि वर्म्याची ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत शिळाछाप, असेल तर परवानगी घेऊन तिच्यावर भिंग धरा. तिथेही ठिपके आणि दाणा दिसेल, पण वेडावाकडा, हातानं टिंबं मारलेला. रंग एकमेकांवर चढलेले, कारण प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे. वरून व्हार्निश, आणि काही प्रतींत कागदावर कॅनव्हासची वीण उठवलेली, तैलचित्र भासावं म्हणून. काही देवींच्या अंगावर खऱ्या जरीच्या साड्या आणि टिकल्या शिवलेल्याही सापडतात. हा सराव झाला की निम्मं काम झालं.

शिळाछापाचं, म्हणजेच लिथोग्राफीचं, तंत्र थोडक्यात माहीत असलेलं बरं. आलोइस झेनेफेल्डरनं १७९६ च्या सुमारास बव्हेरियात ते शोधलं. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि शाई फिरवायची. ओल्या जागी शाई बसत नाही, तेलकट रेषेवर बसते. म्हणून चांगल्या लिथोग्राफमध्ये खडूचा खरखरीतपणा दिसतो. एचिंग म्हणजे तेजाबानं कोरलेल्या धातूच्या पाटीवरून काढलेलं, त्यात पाटी कागदात दबल्याचा चौकोन बोटाला लागतो. सेरिग्राफ म्हणजे रेशमी जाळीतून काढलेलं, त्याच्या रंगाचा सपाट जाड थर बसतो. वुडकट (लाकूड कोरून) आणि लिनोकट (लिनोलियम कोरून) पाहिल्याबरोबर ओळखू येतात.

सगळ्यात जास्त फसगत ‘लिथोग्राफ’ याच शब्दावर होते. फोटो काढून ऑफसेटवर छापलेल्या पोस्टरलाही विकणारे बिनदिक्कत लिथोग्राफ म्हणतात. कॅटलॉगमध्ये पिकासो किंवा शगालच्या नावाआधी ‘आफ्टर’ असं लिहिलेलं असेल, तर दगडावर हात दुसऱ्याचा आहे आणि चित्र मूळ कलाकृतीवरून केलेलं आहे असं समजायचं. अशी चित्रं खोटी नसतात, पण किंमत त्या हिशेबानंच द्यायची. साल्वादोर दालीपासून तर लांबच राहिलेलं बरं. त्यानं कोऱ्या कागदांवर हजारोंनी सह्या करून ठेवल्या, आणि नंतर त्या कागदांवर काय काय छापलं गेलं याचा पत्ता कुणालाच नीट लागला नाही. सही खरी आणि चित्र भलतंच, अशी गत. परदेशी मोठ्या नावांच्या मुद्राचित्रांच्या छापील सूच्या असतात. पिकासो-शगालच्या लिथोग्राफसाठी पॅरिसच्या मुर्लो छापखान्याच्या नावाची सूची चालते. चांगला विक्रेता नोंदीत त्या सूचीचा क्रमांक देतो. तो नसेल तर विचारायचं.

माझं मत विचाराल तर त्याच पैशात आपल्याकडचे मुद्राचित्रकार बघा. सोमनाथ होर यांची १९७० च्या दशकातली ‘वूंड्स’ मालिका, कागदाच्या पांढऱ्या लगद्यावर पांढऱ्याच जखमा. कृष्ण रेड्डी पॅरिसला स्टॅन्ली हेटरच्या अटेलिये १७ या मुद्राचित्रांच्या कार्यशाळेत काम करत. एकाच पाटीवर कमी-जास्त घट्ट शाया आणि मऊ-कडक रोलर वापरून अनेक रंग एकदम काढण्याच्या पद्धतीत त्यांचा मोठा वाटा. झरीना हाश्मींचे वुडकट, ज्योती भट्ट, अनुपम सूद, लक्ष्मा गौड यांची एचिंग्ज, चित्तप्रसादांचे लिनोकट. यांनी चित्र पाटीवरच विचार करून केलंय. हुसेन आणि रझा यांच्या सही केलेल्या सेरिग्राफ लिलावात वारंवार येतात, दिसायला देखण्या असतात. पण त्यातल्या बऱ्याच मूळ रंगचित्रावरून कारागिरांनी उतरवलेल्या असतात, हे लक्षात ठेवून बोली लावा. जुन्या मराठी छपाईकडे ओढा असेल तर पुण्याच्या चित्रशाळेकडे वळा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं १८७८ मध्ये सुरू झालेल्या या छापखान्यानं देवादिकांची आणि पेशवाईतल्या माणसांची शिळाछाप चित्रं घराघरांत पोचवली. रवि वर्म्याचा छापखाना १८९४ चा, आधी मुंबईत, मग लोणावळ्याजवळ मळवलीला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशरनं घेतला आणि छपाई चालूच राहिली. त्यामुळे ‘रवि वर्मा प्रेस’ एवढ्यावर खूश व्हायचं नाही, प्रत कुठल्या काळातली हे पाहायचं. बाबूराव पेंटरांच्या गावात राहून सिनेमाची जुनी पोस्टर्स जमवावीशी वाटणं साहजिक आहे. फक्त त्यांच्या नकला इतक्या निघाल्यात की भिंग खिशात असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

समासात पेन्सिलीनं लिहिलेलं सगळं वाचायचं. ‘२३/१००’ म्हणजे शंभर प्रतींपैकी तेविसावी. आकडा लहान म्हणून चित्र भारी असं नसतं. ‘ए.पी.’ किंवा ‘ई.ए.’ म्हणजे कलाकारानं स्वतःसाठी राखलेली प्रत. सही पेन्सिलीची की छपाईतच आलेली, हे भिंगात कळतं. पेन्सिल कागदाच्या उंचवट्यावर चकाकते.

निवड झाली की कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या अवस्थेचा लेखी अहवाल, मागवा. मागितल्याशिवाय तो येईलच असं नाही. त्यात विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. समास पूर्ण आहेत की कापलेत, कागद पुठ्ठ्यावर चिकटवलाय का, तपकिरी डाग आहेत का, माउंटच्या कडेनं पिवळी चौकट उमटलीय का, कसर लागलीय का, आणि फ्रेमबाहेर काढून पाठपोट फोटो मिळतील का. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर तो लॉट, म्हणजे लिलावातली ती वस्तू, सोडून द्या. मुंबईतल्या मोठ्या लिलावांच्या आधी प्रदर्शन मांडतात. महालक्ष्मी एक्सप्रेसला रात्री बसलं की सकाळी सीएसएमटी. त्याच फेरीत फोर्टातलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय पाहून घ्यायचं. गुळाच्या सौद्यात रवा डोळ्यांसमोर असतो आणि मग भाव बोलला जातो. ऑनलाइन लिलावात भाव आधी आणि माल नंतर, म्हणून ही तिकिटाची रक्कम वाया गेली असं मानू नका.

पैशाचा हिशेब कागदावर, बायकोला किंवा नवऱ्याला दाखवून करायचा. हातोडा पडतो तो, म्हणजे शेवटच्या बोलीचा, आकडा तुमची किंमत नसते. समजा हातोडा पन्नास हजारांवर पडला. बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलाव कंपनी खरेदीदाराकडून घेते ते शुल्क, वीस टक्के धरला तर दहा हजार. त्यावर जीएसटी, आणि चित्राच्या किमतीवर लागणारा वेगळा. तो कशावर किती हे त्या लिलावाच्या अटींत वाचायचं, मागच्या वेळच्या आठवणीवर जायचं नाही. मग पॅकिंग, विमा, कुरिअर, आणि आधी सांगितली तशी फ्रेम. सत्तर हजारांच्या आसपास तयारी ठेवा. परदेशातल्या लिलावात याच्यावर कस्टम्स ड्यूटी आणि विमानाचं भाडं. म्हणून उलटा हिशेब करा: घरी भिंतीवर लागेपर्यंत एकूण किती घालवायचे ते ठरवा, त्यातून मागे येत बोलीचा शेवटचा आकडा काढा आणि तो लिहून ठेवा. राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली विक्रेता चित्र विकत नाही तो आकडा, गुप्त असते, ती ओळखण्याच्या भानगडीत पडायचं नाही.

कायद्याची एक गाठ आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकृती देशाबाहेर नेता येत नाही. रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस अशा काहींची कामं तर वय न बघताही बाहेर जात नाहीत. अमेरिकेतल्या मुलीच्या नव्या घरासाठी जुनी सरस्वती घ्यायचा विचार असेल तर तो इथेच थांबवा.

नोंदणी दोन-चार दिवस आधी उरकायची. पॅन आणि पत्त्याचा पुरावा लागतो, पहिल्यांदा घेणाऱ्याकडे अनामतही मागू शकतात. लिलावाच्या दिवशी वायफायच्या भरवशावर राहू नका, लाइट जायला हाच मुहूर्त सापडतो. फोन चार्ज आणि मोबाइल डेटा हाताशी हवा. बऱ्याच ऑनलाइन लिलावांत शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढते, त्यामुळे अखेरच्या सेकंदाला झडप घालण्याची हुशारी चालत नाही. जिद्दीला पेटणारा स्वभाव असेल, आणि कोल्हापुरात तो असतोच, तर कमाल बोली आधीच लिहून द्या आणि रंकाळ्यावर फिरायला जा.

चित्र आलं की खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. पावसाळ्यात आलं असेल तर खोकं दिवसभर घरात तसंच राहू द्या, मग उघडा. बिल, लॉट क्रमांक, कॅटलॉगचं पान, कंडिशन रिपोर्ट आणि चित्राच्या पाठीचा फोटो एका फायलीत. पुढे विकायची वेळ आली तर खरेदीदार चित्राआधी ही फाइल मागेल. विम्याचं बघा. घराच्या साध्या पॉलिसीत कलावस्तू धरलेल्या असतात का ते एजंटला तोंडी न विचारता लेखी विचारा. नवरात्राच्या साफसफाईत फ्रेम उतरवून पाठ तपासायची. बुरशीचा ठिपका दिसला तर कापडानं पुसायचा नाही, फ्रेम सुटी करून कागद सावलीत सुकू द्यायचा आणि कागदाचं काम जाणणाऱ्या संवर्धकाला फोटो पाठवायचा.