रुग्णवाहिकेच्या ड्युटीची तयारी, आणि वेळ

गेल्या पावसाळ्यात घाटाखालच्या एका वाडीतून आम्ही एका आजींना उचललं. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लुळा, बोलणं जड. पक्षाघात ओळखायला अर्धा मिनिटही लागला नाही. साखर बघितली, रक्तदाब घेतला, कुशीवर वळवून निघालो. निघताना सुनेला विचारलं, "कधीपासून असं?" ती म्हणाली, "सकाळपासून." मी तेच कागदावर उतरवलं.

11:20 ला कॅज्युअल्टीत पोचलो. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "शेवटचं नीट बोलता-चालताना कुणी पाहिलं, किती वाजता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सून तान्ह्या बाळाला घेऊन घरीच राहिली होती, मुलगा मागून दुचाकीवर येत होता आणि घाटात फोनला रेंज नाही. तो 11:55 ला आला. म्हणाला, साडेसातला आईने दूधवाल्याला पैसे मोजून दिले, तोवर ती ठणठणीत होती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रुग्ण शेवटचा ठीक दिसला तिथून हे तास मोजतात. बाराला मुदत संपली. आजींचा उजवा हात आजही उचलत नाही.

आता नवी मुलंमुली ड्युटीला येतायत, म्हणून हे लिहितोय. "कधीपासून" असं विचारू नका. "शेवटचं ठीक कधी पाहिलं, आणि कुणी?" असं विचारा. ज्याने पाहिलं त्यालाच गाडीत घ्या, नाहीतर त्याचा नंबर घ्या.

गाडीत बसण्याआधी हातमोजे, मास्क, टॉर्च, कात्री, स्प्लिंट, कॉलर हे सगळं बघालच. ऑक्सिजनचा सिलिंडर मात्र हाताने हलवून "भरलेला वाटतोय" म्हणायचं नाही. चावी फिरवा, काटा वाचा. भरलेल्या बी टाइपमध्ये साधारण 1500 लिटर असतो, मिनिटाला दहा लिटरने सोडलात तर अडीच तास. काटा अर्ध्यावर असेल तर घाटातल्या एका कॉलला पुरेल, दुसऱ्याला नाही. सक्शन, म्हणजे तोंड-घशातली घाण ओढून काढणारं यंत्र, सुरू करून बघा. अ‍ॅम्ब्यू बॅग, म्हणजे श्वास द्यायची हाताने दाबायची पिशवी, दाबून बघा, मोठ्यांची आणि लहान मुलांची, दोन्ही. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्सची तारीख बघा, कारण साखर उतरलेला माणूस हुबेहूब पक्षाघातासारखा दिसू शकतो.

आणि घड्याळ. मनगटावर, सेकंदकाट्याचं. ड्युटी सुरू होताना पायलटच्या, म्हणजे आपल्या गाडीच्या चालकाच्या, मोबाइलशी जुळवून घ्या, दोघांच्या नोंदींत पाच मिनिटांचा फरक पुढे कोर्टात फार मोठा दिसतो. दोन पेन. पांढऱ्या चिकटपट्टीचा वीतभर तुकडा पँटवर मांडीपाशी चिकटवून ठेवा आणि त्यावर लिहा. पावसात कागदाचा लगदा होतो, पट्टी टिकते. हे मी आता प्रत्येक वेळी करतो.

ज्ञानाचं म्हणाल तर सीपीआर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं आणि श्वास देणं, सगळ्यांना येतो असं सगळे म्हणतात. मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, तीस दाबांना दोन श्वास, दर दोन मिनिटांनी माणूस बदला. कधी सुरू केलं ती वेळ लिहा. रक्त थांबत नाही म्हणून हातापायाला टुर्निके, म्हणजे रक्त थांबवणारा आवळपट्टा, बांधलात तर बांधल्याची वेळ त्या पट्ट्यावरच, ठळक, वर काही झाकू नका. साप चावला असेल तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, अवयव न हलवता निघा. चावल्याची वेळ विचारा. सूज कुठवर आली आहे तिथे पेनने रेघ ओढा आणि रेघेशेजारी वेळ लिहा. फुरशाच्या दंशात ती रेघ डॉक्टरांना पुष्कळ सांगते. विंचू असेल तरी वेळ. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांमुळे विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरात आलं, आणि ते जितकं लवकर पोटात जाईल तितकं बरं.

आता कायदा. याचा लोक कंटाळा करतात आणि मग पोलीस ठाण्यात घाम फुटतो.

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम आलं. अपघातग्रस्ताला सद्भावनेने, आपखुशीने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्याला ते संरक्षण देतं. रस्त्यावरच्या माणसाला हे जरूर सांगा, त्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. पण आपण मानधन घेऊन ड्युटीवर बसलोय. त्या ढालीवर विसंबू नका. आपल्यावर काळजी घेण्याचं कर्तव्य आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली नोंदणीकृत डॉक्टरला उपचाराच्या बाबतीत दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, बाकीच्यांना पाच वर्षांपर्यंत. आपण बाकीच्यांत येतो. म्हणून जे शिकवलंय तेच करा. सुई टोचायचं प्रशिक्षण नसेल तर कुणी कितीही गयावया केली तरी नाही.

शुद्धीवरच्या सज्ञान माणसाची संमती घ्या. बेशुद्ध असेल, जवळ कुणी नसेल आणि थांबायला वेळ नसेल तर त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला न्याय संहितेच्याच कलम 30 चा आधार आहे. शुद्धीतला माणूस "मला नाही यायचं" म्हणाला तर धोका समजावून सांगा, नकार लिहून घ्या, सही घ्या, साक्षीदाराची सही घ्या, वेळ टाका. वेळेशिवाय तो कागद अर्धा आहे. तो अडीचला निघून गेला आणि चारला कोसळला, हे कागदावरून कळायला हवं.

एकदा हातात घेतलेला रुग्ण दुसऱ्या सक्षम माणसाच्या हाती दिल्याशिवाय सोडायचा नाही. खासगी रुग्णालय आधी पैसे मागत असेल किंवा "पोलीस केस आहे, सरकारी दवाखान्यात न्या" म्हणत असेल तर शांतपणे सांगा, की तातडीचे उपचार आधी, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सरकारी-खासगी सगळ्या डॉक्टरांना बजावलंय. आवाज चढवू नका, भांडणात मिनिटं जातात.

मारहाण, भोसकणं, जळणं असेल तर कपडे कापताना चाकूच्या भोकातून कापू नका, बाजूने कापा. गळफासाची गाठ सोडू नका, गाठीपासून दूर कापा. रुग्ण काही बोलला तर त्याचेच शब्द लिहा, आणि वेळ. तो दगावला तर तेच शब्द पुरावा ठरू शकतात. "गेले" असं आपण जाहीर करायचं नाही, ते डॉक्टरचं काम. मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. फोटो काढायचे नाहीत, ग्रुपवर टाकायचे नाहीत, बस.

सुपूर्द करताना काय झालं, काय दिसलं, काय केलं, हे तोंडी सांगा, कागद द्या, घेणाऱ्याचं नाव, सही, वेळ. सिस्टर घाईत असतात, तरी सहीपर्यंत थांबा.

नंतर रक्ताळलेली ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि नळ्या लाल, सुया पांढऱ्या डब्यात. स्ट्रेचर पुसा. सिलिंडर पुन्हा बघा. सुई टोचली असेल तर लपवू नका, एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत, शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवीत. कधी टोचली, वेळ लिहा. मांडीवरची जुनी पट्टी केसपेपरच्या आपल्या प्रतीवर चिकटवा आणि पुढचा कॉल यायच्या आत नवी लावा.