जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी नेटवर्क पॅकेट) लावताय? आधी पिंग करून बघा
ईएसएक्सआय होस्टला (व्हर्च्युअल मशीन चालवणारा व्हीएमवेअरचा सर्व्हर) आयस्कझी स्टोरेज (नेटवर्कवरून वापरायचं स्टोरेज) जोडताना एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) ९००० करायचा असेल, तर होस्ट, स्विच आणि स्टोरेज अशा तिन्हीकडे करा. एखादी जागा राहिली तरी लहान पॅकेट जातात, लॉगिन होतं, फसायला होतं. मोठी कॉपी सुरू झाली की मात्र सगळं अडकतं. म्हणून व्हर्च्युअल मशीन हलवण्याआधी व्हीएमकेपिंग (ईएसएक्सआयमधली पिंग कमांड) चालवा. तुकडे न करण्याचा पर्याय लावून आकार ८९७२ द्या. ९००० मधले उरलेले २८ बाइट आयपी आणि आयसीएमपी हेडरचे. उत्तर येत नसेल आणि स्विच तुमच्या हातात नसेल, तर सरळ नेहमीच्या १५०० एमटीयूवर राहा. थोडा वेग गेलेला परवडतो, डगमगती जोडणी नाही. स्टोरेजकडे जाणारे दोन मार्ग असतील तर प्रत्येक व्हीएमकर्नल पोर्टवरून (होस्टचं स्वतःचं नेटवर्क पोर्ट) वेगळी चाचणी घ्या.