हात सोडल्यावर केस काय करतात?

सांगलीतल्या एका पार्लरमध्ये मी शिकायला लागले तेव्हा पहिले चार महिने हातात कात्री आलीच नाही. केस धुवायचे, पुसायचे, ब्लो ड्राय करायचा, खाली पडलेले केस झाडायचे. तेव्हा राग यायचा. आज माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी आधी केस धुवायलाच बसवते. डोक्याचा मागचा भाग चपटा आहे की फुगीर, कानामागे केस विरळ झालेत का, भोवरा कुठे आहे, हे सगळं त्या वेळी बोटांना कळतं. सरावाच्या डमीला भोवरा नसतो आणि तिची मानही हलत नाही. म्हणून डमीवर झकास कट करणारी मुलगी खऱ्या डोक्यावर अडखळते.

माझी एक चूक सांगते. कुरळ्या केसांची कॉलेजातली मुलगी आली होती, भुवयांपर्यंत फ्रिंज हवी म्हणाली. मी केस ओले केले, कंगव्याने ताणून धरले आणि बरोबर भुवईवर कापले. सुकल्यावर फ्रिंज दोन बोटं वर गेली. ती काही बोलली नाही, नुसती आरशात बघत केस हाताने खाली ओढत राहिली. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. दोन बोटं म्हणजे जवळपास तीन महिने तिला तसंच फिरावं लागलं असणार. ओला केस ताणला जातो, सुकला की आखडतो, आणि कुरळा तर फारच. त्या दिवसापासून कुरळे केस मी आधी कोरडेच बघते, ताण न देता थोडे थोडे कापते.

कात्री चालवताना फक्त अंगठा हलला पाहिजे, बाकीची बोटं स्थिर. हे सरावाने येतं. आयटीआयत कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा कोर्स आहे, तिथे पाया चांगला होतो. पण समोरच्या बाईला काय विचारायचं, हे ज्याचं त्यालाच शिकावं लागतं. ‘कोणता कट हवा?’ हा माझा शेवटचा प्रश्न असतो. आधी विचारते, सकाळी केसांना किती वेळ देता? तेल कधी लावता? गाडीवर हेल्मेट घालता का? रंग करायचा असेल तर मेंदी लावता का, आणि कोणती? ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत बऱ्याचदा रासायनिक डाय असतो, काहींत धातूचे क्षारही असतात. त्यावर केसांच्या रंगातलं पेरॉक्साइड पडलं तर केस तापून तुटू शकतात. म्हणून आतली एक छोटी बट कापून तिच्यावर आधी रंग लावून बघा. त्वचेवरची पॅच टेस्टही, म्हणजे थोडा रंग लावून खाज किंवा पुरळ येते का ते बघणं, ४८ तास आधी करा, कितीही घाई असली तरी.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते नवरीचं काम. खोपा घातलेली नवरी बघायला फार गोड दिसते, पण तिच्या केसांवर किती भार असतो बघा. मुंडावळ्यांची दोरी मागे बांधायची असते, नथ जड असेल तर तिचा आधाराचा दोरा केसांत अडकवायचा असतो, वर ओले गजरे. हे सगळं नुसत्या पिनांवर पेलत नाही. आत घट्ट छोटी वेणी घालून तिचा पाया करा आणि पिना त्यात आडव्या-उभ्या अडकवा. साध्या पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवा, केस तीच धरते. केस आदल्या दिवशी, हळद झाल्यावर धुवायला सांगा. त्याच सकाळी धुतलेले केस हातातून निसटतात.

सगळं झालं की मी नवरीला उभी करते आणि म्हणते, ‘आता वाकून नमस्कार कर बघू.’ दिवसभरात तिला किती जणांच्या पाया पडायचं असतं! ती वाकते, मी मागून बघते. गजरा घसरला, मुंडावळीची गाठ अंबाड्याला ओढायला लागली, तर तिला परत खुर्चीत बसवते आणि पिना काढून पुन्हा पायापासून सुरुवात करते.