मेगर पास म्हणतो, तरी मशीन शॉक देतं: वर्कशॉपमधल्या तपासणीत या चुका टाळा

ग्राइंडर, ड्रिल, पेडेस्टल फॅन, एक्स्टेंशन बोर्ड यांची विद्युत सुरक्षा तपासणी करताना सर्वांत धोकादायक रीडिंग खराब नसतं, फार चांगलं असतं. मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) इन्फिनिटी, म्हणजे अमर्याद रोध, दाखवतो, वहीत 'ओके' लिहिलं जातं आणि दुसऱ्याच दिवशी कामगाराला झटका बसतो. अशा वेळी मीटर बहुधा बिघडलेला नसतो. जो भाग तपासायचा होता तिथपर्यंत त्याला रस्ताच मिळालेला नसतो.

अर्थ न तपासता थेट मेगर लावणं

मशीनची पिन सॉकेटमधून काढायची, पिन टॉपच्या (प्लगच्या) फेज आणि न्यूट्रलच्या पिना एकत्र जोडायच्या आणि ही जोडी व अर्थची पिन यांच्यामध्ये ५०० व्होल्ट द्यायचे, ही पद्धत बरोबर आहे. पण केबलमधली हिरवी वायर आतून तुटलेली असेल तर फेज थेट बॉडीला टेकलेला असूनही मेगर इन्फिनिटीच दाखवेल. अर्थच्या पिनेपासून बॉडीपर्यंत वायर जोडलेलीच नाही, तर तो मोजणार काय?

म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी डोळ्यांनी तपासणी, मग अर्थची कंटिन्युइटी (वायर सलग आहे ना), त्यानंतर इन्सुलेशन. अर्थमध्ये नापास झालेलं मशीन दुरुस्त होईपर्यंत पुढे जायचंच नाही.

कंटिन्युइटी मल्टिमीटरच्या बझरवर बघू नका. कित्येक मीटरचा बझर २०-३० ओहमलाही वाजतो. कमी रोध मोजणारा मीटर घ्या, लीड एकमेकींना टेकवून त्यांचा रोध वजा करा आणि बॉडीवर रंग नसलेल्या जागी प्रोब टेकवा. मर्यादा ०.१ ओहम अधिक केबलच्या अर्थ वायरचा रोध. १.५ चौरस मिमीच्या लवचीक तांब्याच्या वायरला मीटरमागे सुमारे ०.०१३ ओहम धरा. म्हणजे २० मीटरच्या एक्स्टेंशनला सुमारे ०.२७ ओहम साहजिक आहेत आणि ०.३५ ओहमला तो नापास करणं चूक ठरेल.

मोजताना केबल पिनेजवळ आणि मशीनच्या तोंडाशी वाकवून, हलवून बघा. हे सगळे टाळतात आणि दोष नेमका तिथेच असतो. एका सेंटिमीटरच्या तुकड्यात एकच तार शाबूत उरली तरी रोध जेमतेम काही मिलिओहमने वाढतो, तो आकड्यात कळत नाही. वाकवल्यावर मात्र रीडिंग उड्या मारतं.

स्विच ऑफ ठेवून मोजणं

फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच बंद असताना मेगर फक्त केबल आणि स्विचचा अर्धा भाग तपासतो. मोटरची वाइंडिंग पलीकडे राहते. ट्रिगर दाबून लॉक करा आणि मगच ५०० व्होल्ट द्या. बेंच ग्राइंडर किंवा कटरला नो-व्होल्ट स्विच असेल तर सप्लायशिवाय तो धरतच नाही. तिथे मेगर अपुरा पडतो. मशीन चालू करून लीकेज करंट (अर्थकडे गळणारा करंट) मोजावा लागतो. हातात धरायच्या अर्थवाल्या उपकरणाला ०.७५ मिलिअँपिअर ही प्रचलित मर्यादा आहे.

डबल इन्सुलेशनच्या मशीनला अर्थ शोधत बसणं

नेमप्लेटवर चौकोनात चौकोन असेल तर त्या मशीनला अर्थ नसतोच. त्याला तीन कोअरची केबल लावून हिरवी वायर गिअर हाउसिंगच्या स्क्रूला बांधणं ही सुधारणा नव्हे. इथे मेगरचा एक प्रोब जोडलेल्या फेज-न्यूट्रलला आणि दुसरा उघड्या धातूला लावायचा: अँगल ग्राइंडरचं गिअर हाउसिंग, स्पिंडल, डोक्यावरचे स्क्रू, प्रत्येक ठिकाणी वेगळा. प्लास्टिकच्या मुठीवर प्रोब टेकवून काही कळत नाही, तिथे ॲल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळून फॉइलवर प्रोब लावा. किमान २ मेगाओहम हवेत, अर्थवाल्या मशीनला १.

बल्ब पेटला म्हणून अर्थिंग चांगलं मानणं

सॉकेटच्या फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून बघायची सवय सोडा. एक तर ती चालू लाइनवरची चाचणी आहे आणि दुसरं म्हणजे तिचं उत्तर खोटं असतं. २३० व्होल्टला पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे ५३० ओहम असतो. अर्थिंगचा रोध ५० ओहम असला तरी बल्ब जवळजवळ पूर्ण उजेड देतो. आता त्याच अर्थिंगवर मशीनचा फेज बॉडीला टेकला तर करंट जातो २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) त्यावर ट्रिप होणारच नाही आणि बॉडी २३० व्होल्टच्या आसपास जिवंत राहील. सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी खात्रीने, झटक्यात पडायला १६० अँपिअर लागतात, त्यासाठी लूपचा, म्हणजे फेज ते अर्थ आणि परतीच्या पूर्ण मार्गाचा, रोध सुमारे १.४ ओहमच्या आत हवा. नुसत्या खड्ड्याच्या अर्थिंगवर हे क्वचितच जमतं. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (फेज आणि न्यूट्रलच्या करंटमधला फरक ओळखून सप्लाय तोडणारा स्विच) लागतोच.

याहून वाईट प्रकार म्हणजे सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांना जोडणारा वायरचा तुकडा. बल्ब तिथेही झकास पेटतो. पण बॉडीत आलेला करंट न्यूट्रलवरूनच परत जातो, आरसीसीबीला फरक दिसत नाही आणि तो पडत नाही. आणि न्यूट्रल मागे कुठे तुटला, की मशीन दुरुस्त असूनही बॉडीवर फेज येतो. शंका आली तर मेन बंद करून सॉकेट उघडून बघा.

आरसीसीबीचं टेस्ट बटन दाबून तो पडला म्हणजे अर्थिंग तपासलं गेलं, हाही गैरसमज आहे. ते बटन आतल्या आत कृत्रिम फरक तयार करतं, अर्थची वायर नसली तरी तो पडतो. बटन दर महिन्याला दाबाच, यंत्रणा अडकलेली नाही एवढं त्यातून कळतं. पण वर्षातून एकदा आरसीसीबी टेस्टर लावून पडायला लागणारा वेळ मोजा: ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत, पाचपट करंटला ४० च्या आत. १५ मिलिअँपिअरला तो पडता कामा नये.

चांगलं उपकरण भंगारात टाकणं

स्पाइक गार्ड असलेल्या बोर्डात फेज आणि अर्थमध्ये एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) असतो. तो ५०० व्होल्ट डीसीला वहायला लागतो आणि रीडिंग किलोओहमवर येतं. २५० व्होल्टवर मोजा. ड्राइव्ह किंवा इलेक्ट्रॉनिक कार्ड असलेल्या मशीनचं कार्ड आधी सुटं करा.

हीटिंग एलिमेंटमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. पावसाळ्यात, कोकणात तर हमखास, ती दमट हवा शोषते आणि महिनाभर बंद पडलेला हीटर अर्धा मेगाओहमही दाखवत नाही. एलिमेंट काढून ओव्हनमध्ये वाळवा, थंड झाल्यावर पुन्हा मोजा. आरसीसीबी बायपास करून गरम करायचा मार्ग कुणी सुचवला तर ऐकू नका. ग्राइंडरचं रीडिंग उतरलं असेल तर कार्बन ब्रशची काळी पूड आधी कोरड्या हवेने झाडा, ब्रश होल्डर पुसा. त्यानंतरही चढलं नाही, तर आर्मेचर किंवा फील्ड (मोटरची फिरती किंवा स्थिर वाइंडिंग) गेलं.

वहीत 'ओके' लिहू नका, आकडा लिहा, सोबत तारीख आणि मशीन नंबर. गेल्या वेळी २०० मेगाओहम आणि यंदा ३, दोन्ही पासच. पण हे दुसरं मशीन आजच उघडून बघायला हवं.